विहिरीच्या निम्म्या हिश्शाचा कागद

मी कागद बोलतोय, आणि चिडून बोलतोय. उदगीरच्या गुरुपादप्पा वकिलांनी निजामाच्या काळात मला उर्दूत लिहिलं. माझ्यात एकच गोष्ट आहे: रानातल्या विहिरीचं निम्मं पाणी नागाबाईच्या सासऱ्याचं. बस्स. एवढं वाचायला या वकिलांच्या घरात पुढं कुणाला जमलं नाही.

सासरा मला घरी नेत होता. आप्पा वकीलच म्हणाले, घरात उंदीर खातील, माझ्याकडं राहू दे. तेव्हा सगळेच आपले कागद वकिलाकडं ठेवायचे. पावती नाही, नोंद नाही. मी लाल फडक्याच्या गाठोड्यात गेलो आणि तिथंच अडकलो.

आप्पा वारले. त्यांच्या जागी चिरंजीव शेषेराव बसले. हे निजाम गेल्यावर मराठीत शिकलेले, उर्दूचा गंध नाही. तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीच्या दुसऱ्या भागीदारानं नागाबाईचं पाणी तोडलं. विहीर माझी एकट्याची, म्हणाला, असला कागद तर दाखव. नागाबाई नुकतीच विधवा झालेली. ती तडक शेषेरावांकडं आली.

शेषेरावांनी गाठोडं सोडलं. मला हातात घेतलं! उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि परत बांधून टाकलं. अहो, दोन घरं सोडून उर्दूचे पेन्शनर मास्तर राहत होते! पण वकिलानं मास्तराकडं वाचून घ्यायला जायचं म्हणजे कमीपणा ना. नागाबाईला सांगितलं, शोध चालू आहे. मग कोर्टात दावा, मग तारीख. पुन्हा तारीख. माझा नुसता संताप संताप व्हायचा.

उदगीरला ती हरली. अपील उस्मानाबादला गेलं. पुढं लातूर जिल्हा झाला, तसं अपील लातूरला आलं आणि आमचं ऑफिसही. दारावर पाटी लागली, 'तीन पिढ्यांचा विश्वास'. काय म्हणावं याला!

तिसरी पिढी म्हणजे शेषेरावांची वकील झालेली लेक सिंधु. पोरगी मनानं चांगली. सामान लावताना तिला मी सापडलो. आजोबांचं अक्षर किती देखणं, म्हणाली, आणि मला काचेत घालून आपल्या खुर्चीमागं टांगलं. झालं, माझी तसबीर झाली! येणारे जाणारे कौतुक करतात. काय लिहिलंय, एकानंही विचारलं नाही.

नागाबाई दर तारखेला माझ्यासमोर बसते. रान पडीक पडलंय, ती दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाते. आज सिंधुनं तिला समेट करायला सांगितलं. विहिरीवरचा हक्क सोडला तर भागीदार पिण्यापुरतं पाणी भरू देईल, म्हणे.

"कागद हाय बाई," नागाबाई म्हणाली. "आप्पानं लिवलेला. म्या डोळ्यानं पाह्यलाय."

"असता तर आम्ही दिला नसता का, मावशी?"

नागाबाई मग म्हणाली, "तुमी खोटं कशाला बोलताल? आणा, कुठं अंगठा लावायचा?"

अगं सिंधु, मागं वळ! तुझ्या डोक्यावरच आहे मी!

सिंधुनं शाईचा पॅड उघडलाय. नागाबाईनं हात पुढं केलाय. रस्त्यानं कुणी उर्दू वाचणारं चाललं असेल तर आत या हो, लवकर या. तिचा अंगठा शाईला लागलाय.