पाणी गाळायचं फडकं

म्हाळसाबाईला एकच सोस, घर नवं दिसलं पाहिजे. सासूबाई लक्ष्मीबाई येरमाळ्याला येडाईच्या दर्शनाला गेल्या, तेवढ्यात तिनं बोहारणीला हाक मारली आणि सासूची जुनी सुती लुगडी देऊन गुलाबी प्लास्टिकचा टब घेतला. सासूबाई परतल्या, रिकाम्या दांडीकडं बघत उभ्या राहिल्या, मग हातपाय धुवायला गेल्या. आपण जिंकलो, असं म्हाळसाबाईला वाटलं. अक्कल गहाण टाकली की माणसाला असंच वाटतं.

पुढं लेक हर्षाली पहिल्या बाळंतपणाला तेरला माहेरी आली. जारचं पाणी ती तोंडाला लावेना.

"आई, ह्यात प्लास्टिकचे बारीक कण असतात. बाळापर्यंत जातात म्हणे."

उपायही तिनंच मोबाईलवर वाचला होता. बोअरचं जड पाणी खळखळ उकळायचं आणि निवू द्यायचं. तळाला पांढरा क्षार बसतो, त्यात पुष्कळसे कण अडकतात. मग सुती कापडातून गाळून घ्यायचं.

"त्यात काय एवढं!" म्हणत म्हाळसाबाईनं पाणी उकळून निववलं, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधलं. हर्षालीनं ते चिमटीत धरून बघितलं.

"आई, ही तर नायलॉनची साडी. हे बी प्लास्टिकच की!"

म्हाळसाबाईनं सारं कपाट उपसलं. साड्या, ओढण्या, पडदे, सगळं चकचकीत. सुती म्हणून एक मळका पंचा निघाला, तो पिण्याच्या पाण्याला कोण लावणार?

लक्ष्मीबाई उठल्या. पेटीच्या तळातून त्यांनी एक कोरं सुती लुगडं काढलं. भावानं नेसवलेलं शेवटचं. भाऊ गेला, माहेर सरलं, म्हणून अखेरच्या वाटेला अंगावर घालायला त्यांनी ते राखलं होतं. साऱ्या घराला हे ठाऊक होतं. त्यांनी पदराला दात लावला आणि टर्रकन फाडलं.

"आत्या, आवं ते तुमचं..." म्हाळसाबाई सासूकडं धावली.

उद्या बाजारातून हातभर कापड आणता आलं असतं. पण म्हाळसाबाईचं तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता.

"उद्यापतूर लेकरू तान्हेलं ठिवू व्हय? मला काय, कशातबी गुंडाळा."

तुकडा धुऊन, घडी करून त्यांनी पाणी गाळलं. हर्षाली घटाघटा प्यायली. म्हाळसाबाईला मात्र रडू आवरेना. सासूनं तेव्हाच चार शिव्या हासडल्या असत्या, तर आज इतकं टोचलं नसतं.

"आत्या, म्या चुकले. ती लुगडी द्याया नकू हुती."

"व्हय," हंड्यावर झाकण ठेवत लक्ष्मीबाई म्हणाल्या. "त्यातलं एक माज्या आईचं हुतं."