दगड अजून दिसत नाही

सकाळी सकाळी आडावर माझं आणि शेजारच्या धाकटीचं जुंपलं, ते दोरावरून.

"माझा दोर कुणी कापला?" तिनं विचारलं आणि बघितलं नेमकं माझ्याकडं. तिचा पोहरा पाण्याच्या वर नुसता लोंबकळत होता. कालपर्यंत टेकत होता.

"मला काय करायचाय तुझा दोर? गळ्यात घालू?"

"परवा तुझ्या म्हशीच्या दाव्याला नवा तुकडा दिसला."

"तो आमच्या घरचा! तुझ्या कुजक्या दोरानं म्हैस काय, मांजर अडायचं नाही."

बायका घागरी खाली ठेवून ऐकायला उभ्या राहिल्या. मीही काही कमी नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला जन्मात खपलेलं नाही. तरातरा घरी गेले, माझा दोर आणला आणि तिच्या नाकासमोर आडात सोडला. तोही टेकला नाही.

मग मात्र सगळ्या आपापल्या दोरांकडं बघायला लागल्या. एकजण हळूच म्हणाली, "मी गेल्या आठवड्यातच तुकडा जोडला. वाटलं, उंदरांनी कुरतडला." दुसरीनं जोडला होता, तिसरीनंही. प्रत्येकीनं घरच्या घरी गाठ मारली होती आणि मनात शेजारणीवर संशय धरला होता. पाणी खाली गेलं असेल हे एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? तळ्यातला दगड अजून बुडालेला होता ना.

धाकटीची थोरली जाऊ, पाटकरीण, तेवढ्यात रिकामी घागर घेऊन आली. तिनं माझा दोर हातात घेतला, गाठी चाचपल्या आणि घागर तिथंच टाकून तळ्याकडं निघाली.

तळ्याचं पाणी पाटानं शेतांना सोडायचं काम तिच्या नवऱ्याचं. त्याचे गुडघे गेले, तेव्हापासून झडपेची किल्ली हिच्या कमरेला. गावचा नियम जुना. तळ्यात बसलेल्या म्हशीसारखा एक काळा दगड आहे. त्याची पाठ उघडी पडली की झडप बंद. मग पाण्याची बारी कुणाची का असेना, पीक वाळो नाहीतर जळो, शेताला थेंब नाही. उरलेलं पाणी झिरपून बांधाखालच्या आडात येतं आणि त्यावर माणसांनी, जनावरांनी उन्हाळा काढायचा.

गेल्या साली गाळ काढायची योजना आली. यंत्रं आली, साहेब आले, फोटो निघाले. तळं खोल झालं, झडपही नवी, आणखी खाली बसली. दगड उचलून बाहेर ठेवला होता, तो परत नेताना चार म्हातारे बांधावर उभे राहून "अंमळ डावीकडं, अंमळ उजवीकडं" करत होते. जुन्या जागेवर अगदी तंतोतंत बसवला. त्याचं कौतुक अजून संपलेलं नाही. पाणी वाढलं म्हणून सगळ्यांनी हौसेनं जास्तीचं हिरवं लावलं. आम्हीसुद्धा लावलं. फुकटचं मिळालं की कुणाला नको असतं?

पाटकरणीच्या मागोमाग आम्हीही बांधावर पोचलो. वारा असा तापलेला की उभं राहवत नव्हतं. पुरुषमाणसं झाडाखाली बसून तळ्याकडं टक लावून होती. या दिवसांत ती रोजच बसतात. कामात लक्ष लागत नाही, घरात जीव लागत नाही.

"दिसतोय का?" तिनं विचारलं.

"छे! पाठ चांगली बुडालेली आहे," गावचा पुढारी म्हणाला. "काळजीचं कारण नाही."

"आडात पोहरा टेकेना."

"दोर आखडले असतील, वहिनी. उन्हानं आखडतात."

"सगळ्यांचे एकदम? दगड ठेवलाय कशावर?"

"तळावर. जुन्या जागी."

"अहो, जागा जुनी, पण तळ खाली गेला ना! तळ खाली, दगड खाली. आडाचा तळ मात्र होता तिथंच आहे. दगड दिसेपर्यंत थांबलो तर आडात बेडूकसुद्धा राहायचा नाही."

कुणी टोपी काढून डोकं खाजवलं. पुढाऱ्यानं मात्र मान हलवली. "नियम दगडाचा आहे, दोराचा नाही. दगड दिसू दे, मग बघू."

आता पुढची बारी होती पाटकरणीच्या दिराची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची. त्याचं रान पाटाच्या शेवटाला, त्यामुळं नंबरही शेवटी. वरच्या सगळ्यांची रानं भिजून झाली होती. त्याची मिरची फुलावर होती. हे पाणी मिळालं तर पीक हाती, नाहीतर वर्षाची मेहनत मातीत.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेले, तर पाटकरीण आत-बाहेर, आत-बाहेर करत होती.

"धाकट्याची बारी होऊ दे," नवरा गुडघे चोळत म्हणाला. "मग बंद कर."

"म्हणजे गाव म्हणेल, घरचं भिजवलं आणि मग दार लावलं."

"आत्ता बंद केलंस तर किल्ली काढून घेतील."

"घेऊ देत. पण दुसऱ्याच्या बारीला हात लावला तर माझं ऐकणार कोण? घरच्याच्या बारीलाच लावायला पाहिजे." एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावून रडली. त्या दिराला तिनं लहानपणापासून जेवू घातलेलं होतं.

सकाळी तिनं झडप उघडली. पाणी पाटानं खळाळत गेलं, दिराच्या रानात शिरलं आणि पहिल्या सऱ्या भिजल्या. तेवढ्यात तिनं झडप बंद करून कुलूप घातलं.

दीर चिखलाच्या पायांनी धावत आला. "वहिनी! पाणी तुटलं!"

"मी तोडलं, भाऊजी."

"दगड कुठं दिसतोय? वरच्या सगळ्यांचं भिजेपर्यंत तुम्हाला आड आठवला नाही? घरचाच बरा सापडला मरायला!" त्याचा आवाज फाटला. "किल्ली द्या!"

झाडाखालची माणसं उठून आली, पण मध्ये कुणी पडेना. पाटकरणीनं किल्ली मुठीत घट्ट धरली होती.

तेवढ्यात धाकटी आली. मला वाटलं, आता ही जावेच्या झिंज्या धरणार. तिनं खांद्यावरचा गाठीगाठींचा दोर काढून नवऱ्याच्या पायाशी टाकला.

"किल्ली मग मागा. आधी हा आडात सोडा. टेकला तर मीच झडप उघडते."

"तू पण? अगं, मिरची आपली आहे!"

"पोरंही आपलीच आहेत. त्यांना काय मिरच्या पाजू?"

तो तणतणत आडावर गेला. मागं सगळी पुरुषमाणसं. त्यातले बरेच जण कित्येक वर्षांत आडात डोकावले नव्हते. घरात घागर भरलेली असते, त्यांना काय ठाऊक! त्यानं दोर सोडला. हातातून एक गाठ सरकली, दुसरी सरकली, दोर संपला आणि पोहरा आडाच्या भिंतीवर ठणठणत राहिला. खाली कधी न दिसलेले दगड उघडे पडले होते.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून यायचं," एक म्हातारी म्हणाली. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, पण त्या दिवशी ऐकून अंगावर काटा आला.

दीर आडाच्या कडेला मटकन खाली बसला.

पुढं दगड वर घ्यायचं ठरलं. खाली चौथरा रचायचा आणि त्यावर दगड बसवायचा. किती वर, यावर मात्र घोळ सुरू झाला. सगळे म्हणत, जुन्या उंचीला बसवा, आणि प्रत्येकजण हळूच पुढं जोडत होता, "थोडा खाली असला तरी काय बिघडतंय?" पुढाऱ्यानं तर तळहात आडवा धरून दाखवला, "एवढा. एवढाच."

दीर कमरेएवढ्या पाण्यात पहार धरून उभा होता. तिकडं पाटाच्या शेवटाला त्याची मिरची माना टाकून वाळत होती, बांधावरून सगळ्यांना दिसत होती.

"माझी मिरची गेली ती याच्यापायी," तो ओरडला. "आता कुणी बोटभर खाली म्हणून तर बघा! रचा अजून एक थर."

आणि थर रचला. दगडाची पाठ चांगली हातभर पाण्याबाहेर आली. रचणं चाललं होतं तोवर पाटकरीण किल्ली घेऊन बांधावर उभी होती. दिरानं तिच्याकडं बघितलं नाही. मात्र वर येताना त्यानं हात पुढं केला, तो तिनं धरला आणि त्याला ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी माझ्या दारात.

"तुझ्या म्हशीच्या दाव्याचा तो तुकडा दे गं. दोर अजून कमी पडतोय."

"तुझाच ना तो? मी कापलेला?"

"असू दे कुणाचाही. दे."

मी म्हैस सोडली, तुकडा काढला आणि आम्ही दोघींनी उंबऱ्यावर बसून गाठ मारली.