बावडीची ओ

बावडी तुम्ही मारली, आणि कागदावर लिहिलं की तिचं स्थलांतर केलं. खोटं लिहिलं साहेब तुम्ही. माणूस मारून त्याचा सदरा दुसऱ्या गावच्या खुंटीला टांगला, तर माणूस तिकडे राहायला गेला असं कोणी म्हणत नाही.

महालामागच्या गल्लीत नकट्या नंदीची बावडी होती. दगडी पायऱ्या, तोंडाशी कमान, कमानीपाशी नाक फुटलेला नंदी, आणि खाली पाण्याच्या काठाला शेंदूर फासलेल्या सात आसरा, पाण्याच्या देवी. तुमच्या वारसा यादीत ती तिसऱ्या दर्जाची. म्हणजे हात लावण्याआधी लोकांना विचारायचं. ते तुम्ही विचारलंत. एका बाईने उत्तरही दिलं. तिची ही गोष्ट.

शामला त्या गल्लीत सून म्हणून आली तेव्हा दर उन्हाळ्यात बावडीचा गाळ निघायचा. पुरुष दोराला धरून खाली उतरायचे. खाली हवा कोंडते, माणूस न बोलता आडवा होतो. म्हणून बाया काठावर बसून सारख्या हाका मारायच्या आणि खालच्याने ओ द्यायची. ओ आली की जीव भांड्यात. नाही आली तर दोर ओढायचा, गल्ली गोळा करायची, पण काठ सोडायचा नाही. शामलाचा नवरा देवराव मुद्दाम उशिरा ओ द्यायचा.

"मेला का गा?" ती वरून विचारायची.

"तुयी वाट पाहून राहिलो," खालून यायचं, आणि बाया पदरात तोंड घालून हसायच्या.

मग नळ आले, गाळ काढणं सुटलं. देवराव दवाखान्यात वारला. मुलगा सुशील खापरखेड्याला वीज केंद्रात लागला आणि तिकडच्याच क्वार्टरात राहिला. फोन करतो. "जेवली का वं माय?" विचारतो, आणि ती सांगायच्या आत त्याला कोणीतरी बोलावतं. उड्डाणपुलाची बातमी आली तशी गल्लीही घरं विकून हुडकेश्वरकडे पांगली.

उरली शामला. संध्याकाळी तुळशीसाठी बादली ओढायला जायची आणि कमानीत वाकून म्हणायची, "आली बरं का मी."

"मी," बावडी म्हणायची. जराशा उशिराने.

तो आपलाच आवाज हे तिला कळत होतं. येडी नव्हती ती. पण दिवसभरात तिच्याशी कोणी बोललं तर तेवढंच.

पुलासाठी बावडी हुडकेश्वरच्या बगिच्यात हलवायची नोटीस लागली. हरकत घेणारी ती एकटी. जुने शेजारी कृष्णकांत, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सुनावणीच्या दिवशी हुडकेश्वरहून स्कूटर घेऊन आले आणि तिला मागे बसवून नेलं. वाटेत पढवत होते.

"ते विचारतील, बावडी कोण वापरतं. सांगायचं, सारी गल्ली पाणी भरते."

"गल्ली तं तुमच्यासंगच गेली न भाऊ."

"तेच तर सांगायचं नाही, शामलाबाई."

पण एक गोष्ट तिने आपल्या मनाने केली होती. पाणी जिवंत आहे हे साहेबांना दिसावं म्हणून पितळी लोटा भरून घेतला होता. खड्ड्याखड्ड्यातून जाताना पदराखाली असा धरला की थेंब सांडला नाही.

सुनावणीच्या खोलीत एसीचा गारठा होता. साहेब, तुम्ही बोलायला गोड.

"आजी, ही बावडी सध्या कोण वापरतं?"

कृष्णकांतांनी डोळ्याने खुणावलं. शामलाने तोंड उघडलं, आणि हातातला लोटा तिला जड झाला. आसरांचं पाणी हातात धरून खोटं बोलावं, असं तिच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं.

"मीच," ती म्हणाली.

"आणखी कोणी?"

"कोणीच नाही."

ते लगेच लिहून घेतलं. मग तिने विचारलं, "दगड तं नेसान साहेब. पाणी कसं नेसान?"

"लोट्यात," खालच्या आवाजात कोणीतरी म्हणालं. बाकीचे हसले. हे मात्र कोणी लिहिलं नाही.

बाहेर आल्यावर कृष्णकांत भडकले. "एक खोटं बोलवलं नाही तुम्हाले? लोटा खाली ठेवायचा होता न, मग बोलायचं."

"खाली कुठं ठू? साऱ्यांचे जोडे होते तिथं."

त्यांनी स्कूटरला किक मारली आणि तिला महालापर्यंत आणून सोडलं.

मंजुरीत तुम्ही लिहिलं, वापर नगण्य. गल्लीत एकटी राहिलेली बाई म्हणजे तुमच्या हिशेबी नगण्य. दगडांवर आकडे टाकून ते ट्रकात भरले. खड्ड्यात मुरूम ओतला आणि त्यावर पुलाचा खांब उभा केला. शामला दारातून पाहत होती. तिने शाप दिला नाही की ती रडली नाही. घरी गेली आणि तुळशीला नळाचं पाणी घातलं.

मग एकदा बस धरून ती हुडकेश्वरच्या बगिच्यात गेली. बावडी होती तिथे. धुतलेली, रंगीत दिवे लावलेली. नंदीला सिमेंटचं नवं नाक. आसरांचा शेंदूर खरवडून त्या एका ओळीत भिंतीत बसवलेल्या. ती पायऱ्या उतरली, आणि घाम यायच्या आत पायाला फरशी लागली. खाली काहीच नाही. निळ्या फरशीवर चिप्सची पाकिटं.

"आजी, खाली नोको बसू वं," चौकीदार वरून म्हणाला. "फोटो काढाचा नि वर याचं."

"पाणी कुठं आहे गा?"

"गेटापाशी कूलर आहे न."

ती कमानीकडे तोंड करून वाकली. "आली बरं का मी."

काही आलं नाही. तिने वाट पाहिली. उशीर लागतो, देवरावलाही लागायचा. पुन्हा हाक मारली. सेल्फी काढणाऱ्या दोन पोरी बाजूला सरकल्या.

"कोणाले हाका मारून राहिली वं?" चौकीदाराने विचारलं.

ती पायरीवर बसली. बगिचा बंद व्हायची शिट्टी झाली तरी ती उठेना. ओ आली नाही तर काठ सोडायचा नसतो, एवढंच तिला शिकवलेलं. शेवटी त्याने दंडाला धरून तिला वर आणलं, अगदी हळू, स्वतःच्या मायला आणावं तसं.

झरे तुमची मंजुरी वाचून आटत नाहीत, साहेब. ते त्या खांबाखाली आहेत. तुम्ही विचारलंत तेव्हा ती खरं बोलली आणि त्यातच हरली. आता विचारणारी ती आहे. दगड नेलेत, पाण्याचं काय केलंत? तिने हाक मारली तर ओ कोणी द्यायची?

लिहून घ्या या वेळी. आणि ओ द्या.