गार पाण्याचा नळ

आदल्या संध्याकाळी मालिका संपली आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या धुलाईखात्यात एकाही माणसाचं चित्त कामावर नव्हतं. मशिनी गरगरत होत्या, वॉर्डावॉर्डातून मळक्या चादरींच्या ट्रॉल्या येतच होत्या, हातही सवयीने चालत होते. पण तोंडं मात्र सकाळी सातपासून एकाच विषयाला लागली होती. डॉक्टरच्या बायकोला माहीत होतं की नव्हतं?

सव्वा वर्ष त्या मालिकेने या लोकांना झुलवलं होतं. एका डॉक्टरचा भागीदार मारला जातो आणि चष्मेवाला इन्स्पेक्टर खुनी शोधत फिरतो, एवढीच काय ती गोष्ट. खून डॉक्टरनेच केला हे प्रेक्षकांना महिन्याभरापूर्वी कळलं होतं. आता उरला होता फक्त त्याच्या बायकोचा प्रश्न. ती त्याच्या बाजूने साक्ष देणार होती, आणि खटला सगळा तिच्या एका शब्दावर अडकला होता. शेवटच्या भागात, खुनाच्या दिवशी काय झालं ते दाखवलं. बायको न्हाणीघरात एकटी, हातात नवऱ्याचा शर्ट. ती नळ सोडते, बादली भरते, शर्ट बुडवते. मग तिचा नुसता चेहरा दिसत राहतो आणि मालिका समाप्त.

"फसवलं मेल्यांनी," इस्त्रीवाली गाऊनच्या बाहीवर वाफ सोडत म्हणाली. "सव्वा वर्ष स्वयंपाक आटपून टीव्हीसमोर बसले, ते काय कपडे धुताना बघायला? कपडे काय इथे कमी बघते मी?"

"अगं, ती साधी बाई आहे," घड्या घालणाऱ्या मावशी म्हणाल्या. खात्यात सगळ्यांत जुन्या त्या; निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि ते त्या बोटांवर मोजत असत. "नवऱ्याचा शर्ट मळला, धुतला. शर्ट हातात घेऊन कुणी विचार करत बसतं का?"

"विचार नाही करत, पण डोळे असतात ना मावशी! एवढा डाग दिसत नाही?"

डागांचा विषय निघाला तशी खिडकीजवळच्या टेबलाशी उभी असलेली डागवाली आणखी खाली वाकली. तिला सगळे याच नावाने हाक मारत. बावीस वर्षं ती त्या टेबलाशी उभी होती. मशिनीत जाण्याआधी डागाळलेला प्रत्येक कपडा तिच्या हाताखालून जाई. औषधाचा डाग वेगळा, तेलाचा वेगळा, रक्ताचा वेगळा. खात्यात नवी बाई आली की पहिल्याच दिवशी डागवाली तिला दोन नळ दाखवी. तेलाला गरम पाणी, रक्ताला गार. रक्ताचा कपडा चुकून गरम पाण्यात पडला की डाग शिजून बसतो, मग तो कपडा फाडून पुसायला घ्यायचा. शस्त्रक्रियेचे गाऊन कामाचे की टाकायचे, हे तिनेच ठरवायचं. डॉक्टरसुद्धा तिचा शब्द खाली पडू देत नसत.

आज ती फार दमली होती. गुडघे दुखत होते, पण ते रोजचंच. खरी दमली होती ती आठ महिन्यांच्या गप्प बसण्याने. तिचा मुलगा एका गॅरेजात मेकॅनिक होता. आठ महिन्यांपूर्वी तिथे सोबत काम करणाऱ्या एका जोडीदाराशी त्याचं भांडण झालं, गॅरेजामागच्या गल्लीत कुणीतरी त्या जोडीदाराच्या तोंडावर पाना हाणला आणि त्याचा उजवा डोळा कायमचा गेला. गल्लीत बघणारं कुणी नव्हतं. जोडीदार मुलाचं नाव घेत होता, मुलगा कानांवर हात ठेवत होता. पोलिसांनी मुलाचा शर्ट नेला, तर तो स्वच्छ निघाला.

आणि उद्या अकरा वाजता डागवालीची साक्ष होती. वकिलाने तिला चार वेळा पढवलं होतं. मेकॅनिकचा शर्ट तेलकट असतो. मी तो रोज गरम पाण्यात धुते, त्याही दिवशी तसाच धुतला. रक्त असतं तर गरम पाण्यात डाग पक्का बसला असता. मी बावीस वर्षं रुग्णालयात हेच काम करते, मला कळतं. बस्स, एवढंच. "तुमच्या अनुभवाला कोर्टात वजन आहे हो बाई," वकील म्हणाला होता, आणि त्या कौतुकाने तिला कसंसंच झालं होतं.

कारण त्या दिवशी तिने शर्ट गार पाण्यात धुतला होता.

खात्यात यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टीचा अर्ज सकाळपासून तिच्या पिशवीत होता. 'कारण' या शब्दापुढची जागा अजून कोरी होती.

दुपारी डबे उघडले आणि वाद पुन्हा पेटला. आता ट्रॉलीवालाही येऊन बसला. हा गडी एकेक भाग दोनदोनदा बघायचा आणि स्वतःला त्या चष्मेवाल्या इन्स्पेक्टरचा भाऊच समजायचा.

"मला एक सांगा," तो घास तोंडात असतानाच म्हणाला, "त्या बाईने आधी एक नळ सोडला होता. लाल खुणेचा. वाफ आली, मग तिने तो बंद केला आणि दुसरा सोडला. ते कशाला?"

"हात पोळला असेल," मावशी म्हणाल्या.

"हात घातलाच नव्हता तिने. मी सकाळी मोबाइलवर परत बघितलं. शर्ट हातात धरून ती थांबते, वाफेकडे बघते, नळ बंद करते. मग निळा नळ सोडते."

इस्त्रीवालीचा घास हातातच राहिला. मग तिघांनीही माना वळवून खिडकीकडे पाहिलं. घरोघर लाखभर लोकांनी तो भाग बघितला असेल, आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन नळ म्हणजे दोन नळच दिसले असतील. या खात्यातल्या लोकांचं तसं नव्हतं.

"अगं डागवाले, ऐकलंस का?" मावशींनी हाक मारली. "तू काय म्हणतेस?"

डागवालीने आदल्या संध्याकाळी ते पहिल्याच फटक्यात पाहिलं होतं. बायकोने लाल नळ बंद केला तेव्हाच तिच्या हातातला पेला खाली पडला होता. शेजारी बसलेल्या मुलाने फरशी पुसली. त्याने नळाकडे लक्ष दिलं होतं की नाही, ते तिला कळलं नाही.

"मला काय विचारता? मालिकावाल्यांना विचारा," ती म्हणाली.

"मालिकावाल्यांना काय कळतंय डागातलं! तू सांग. तू म्हणशील ते आम्ही मान्य करतो."

"मान्य," ट्रॉलीवाल्याने हात वर केला. "खात्याचा निकाल."

तिने समोर पाहिलं. टेबलावर नेत्रविभागाच्या उशांचे अभ्रे होते. तो जोडीदार याच रुग्णालयात बारा दिवस होता. त्याचे अभ्रे तिनेच धुतले होते, गार पाण्यात, अगदी निगुतीने, आणि एकालाही डाग राहू दिला नव्हता. वर जाऊन त्याला बघून यायची हिंमत मात्र झाली नव्हती. तिला आपलीच शरम वाटत होती, आणि त्या शरमेचाही आता कंटाळा आला होता.

"माहीत होतं तिला," ती म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं. जिला माहीत नाही, ती हाताला पहिला लागेल तो नळ सोडते. ती थांबली. थांबली म्हणजे तिला कळलं होतं की हे काय आहे."

"बघा!" इस्त्रीवालीने मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत होते? पोचलेली बाई आहे ती."

"पोचलेली कसली," मावशी पुटपुटल्या. "घरातलं माणूस आहे तिचं. माझ्या पोराचा शर्ट असता, तर मीही गारच पाणी घेतलं असतं. आणि तूही घेतलं असतंस, उगाच तोंड वर करून बोलू नकोस."

इस्त्रीवालीने हातातला घास तोंडात टाकला. तिला दोन पोरं होती.

"ते झालं," ट्रॉलीवाला म्हणाला, "पण उद्या कोर्टात सांगणार काय ती? सांगेल की गरम पाण्यात धुतला. बघायला कोण गेलं होतं?"

"तिने स्वतः बघितलंय ना," डागवाली म्हणाली. तिचा आवाज थोडा चढला होता. कुणाच्या तो लक्षात आला असेल तर मावशींच्याच. त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिला नेऊन दिली आणि म्हणाल्या, "खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही तू."

चार वाजता पाळी संपली. डागवालीने अर्ज बाहेर काढला, मावशींकडून पेन घेतलं आणि 'कारण' या शब्दापुढे लिहिलं : मुलाच्या खटल्यात साक्ष. पेन परत देताना तिने कागद झाकला नाही. मावशींनी वाचलं. मग त्यांनी तिच्या खांद्यावर चिकटलेला सुटा दोरा उचलून टाकला.

फाटकाशी मुलगा उभा होता. सव्वीस वर्षांचा, पण आठ महिन्यांत गाल बसले होते. आधीचं गॅरेज सुटलं होतं, आता तो दुसरीकडे टायर बदलायचा. तिच्या हातातली पिशवी घेत तो म्हणाला, "वकिलांचा फोन आला होता. विचारत होते, आईचं सगळं पाठ आहे ना?"

"पाठ आहे."

दोघं चालू लागले. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. तिथे ती पायरीवर बसली.

"गार पाण्यात धुतला होता मी तो," ती म्हणाली.

मुलगा उभाच राहिला.

"उद्या तेच सांगणार आहे. गरम पाणी माझ्या तोंडून निघायचं नाही रे. बावीस वर्षं पोरींना दोन नळ दाखवत आले. तोच धडा कोर्टात उलटा म्हणू? आज खात्यात सगळ्यांसमोर सांगून बसले की त्या बाईला माहीत होतं. आता स्वतःपुरतं वेगळं कसं सांगू?"

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. रडेल, निदान 'आई ना तू?' म्हणून चार शब्द सुनावेल, याची तिने तयारी ठेवली होती. तो हळूच तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि पिशवी मांडीवर घेतली.

"काल बघितलं मी. नळाचं," तो म्हणाला. "त्या दिवशी मी दारातच उभा होतो, आई. तू बादली उचललीस, चुलीवरचं गरम पाणी तसंच ठेवलंस आणि गार पाणी ओतलंस. मला वाटलं, आता तू विचारशील."

"काय विचारायचं होतं? शर्ट हातात होता माझ्या."

"तरी. एकदा विचारायला हवं होतंस. त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं असतं मी. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तू काही विचारलंच नाहीस, नुसती धूत राहिलीस. मग मला वाटलं, असंच करायचं असतं."

आठ महिने ती समजत होती की आपण त्याला वाचवलं, आणि त्या वाचवण्याची शिक्षा भोगत होती. आज कळलं, की तो ज्या दारात उभा होता ते दारच आपण त्या बादलीने बंद केलं होतं. रडू आलं, पण रडायलाही अंगात त्राण नव्हतं. तिने फक्त त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याच्या बोटांच्या पेरांत ग्रीस बसलं होतं, रोजच्यासारखंच.

दुकानदार एकदा बाहेर डोकावून आत गेला.

"उद्या कोणता शर्ट घालणार आहेस?" तिने शेवटी विचारलं. "काढून ठेव. आज धुवून टाकते."

"नको," तो उठत म्हणाला, आणि तिला उठायला हात दिला. "मी धुतो."