वजनाला भारी, उजेडाला कमी

मी तपकिरी बटू बोलतोय. खरं तर मी तपकिरी नाहीच, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर आहे. पण आमच्यापैकी एकही दिसायच्या आधीच तुम्ही बारसं उरकून टाकलंत, त्याला आता इलाज नाही.

जन्म चांगल्या घरचा, वायूच्या ढगातला, ताऱ्यांसारखाच. फक्त वजन कमी पडलं आणि पोटातली भट्टी पेटली नाही. तेव्हापासून मी एका ताऱ्याभोवती फिरतोय आणि थंड होतोय. तारे मला ओळख दाखवत नाहीत, ग्रह पंगतीला घेत नाहीत.

मी फिरतो तसा माझा ताराही किंचित डुलतो. त्या डुलण्यावरून तुम्ही माझं वजन काढता. मीरा रोडच्या शांती नगरात राहणाऱ्या क्षितिजाने पीएच.डी.साठी हेच केलं. दुर्बीण परदेशात आणि ही घरी, डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून. माझा उजेड जिथे पोचतो तिथलं मला कळतं, कसं ते विचारू नका.

वजन आलं सत्तर गुरू ग्रहांएवढं. मग तिने माझा उजेड रंगारंगांत फोडून वातावरण तपासलं. पाण्याची वाफ सापडली, थंडीतच टिकणारा मिथेन सापडला आणि घोळ झाला. एवढ्या वजनाचा बटू इतका थंड, इतका मंद असायला नको होता.

तिचे मार्गदर्शक अभिनव सर. त्यांनी फोनवरच निकाल लावला. "तारा म्हातारा धर, म्हणजे त्याच्यासोबत जन्मलेला बटूही म्हातारा. वय दुप्पट केलं की बटूला थंड व्हायला वेळ मिळतो, सगळं बसतंय. लवकर सबमिट कर, जर्मनीतली संशोधकाची पोस्ट तुझ्यासाठी थांबणार नाही."

"पण सर, तारा स्वतःभोवती भराभर फिरतोय. म्हणजे तरुण आहे."

"ते कोण बघतंय?"

विद्वानांची ही जुनी खोड आहे. आकडा जुळला नाही, की ज्याला तोंड नाही त्याचं वय बदलायचं.

त्याच सकाळी तिची आई, सुचेताबाई, लग्नाचा बायोडेटा घेऊन आली. त्यात क्षितिजा दोन वर्षांनी लहान झाली होती. "अगं, सगळेच करतात. एकतीस वाचलं की लोक फोनच करत नाहीत." एकाच टेबलावर लेकीचं वय उतरत होतं आणि ताऱ्याचं चढत होतं. मला हसावं की रडावं कळेना.

क्षितिजाने माझा उजेड पुन्हा उलगडला. मिथेनच्या खुणा दुहेरी होत्या. एक तुमच्याकडे सरकणारी, दुसरी लांब जाणारी. तिने दोन्हींचे वेग मोजले. मग हळूच म्हणाली, "हा एक नाहीये. दोघं आहेत."

आहोतच दोघं. मी आणि माझा जुळा भाऊ, एकमेकांना खेटून फिरणारे. वजन दोघांचं मिळून, उजेड दोन हलक्या बटूंचा. तुम्ही ते सगळं एकट्या माझ्या नावावर लावलंत. तिने ओळखलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

सर वैतागले. "दोन म्हणायचं तर आणखी निरीक्षणं लागतील. वर्ष जाईल, पोस्टही जाईल."

"जाऊ दे, सर. मी वय नाही वाढवणार." फोन ठेवून ती आईकडे वळली. "आणि माझं एकतीसच लिही."

पोस्ट दुसऱ्या कुणाला मिळाली. बायोडेटा वाचून अजून कुणाचा फोन नाही. क्षितिजाने दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून अर्ज केलाय आणि ती वाट बघतेय. आम्ही इथे थंड होत चाललोय.

तिचा अर्ज ज्यांच्यापुढे आहे त्या थोरामोठ्यांनो, मला तारा म्हणू नका, ग्रहही म्हणू नका, वाटलं तर नावही बदलू नका. पण माझ्या शेजारी माझा भाऊ आहे. त्याला मोजा.