कुरकुरणाऱ्या क्लचची कैफियत

मी क्लच. परवापर्यंत अंधेरीच्या डॉक्टर मृणालिनीबाईंच्या गाडीत होतो. आता धोंडूच्या गॅरेजात भंगाराच्या डब्यात पडलोय. दमलोय अगदी. पण माझ्यावरून एका घरात जे रामायण घडलं, ते आता माझ्याच तोंडून ऐका. इतरांनी माझ्याविषयी पुष्कळ बोलून घेतलंय.

माझं काम तसं साधं. डाव्या पायानं पेडल दाबलं की मी इंजिनाला सोडायचं, गिअर पडला की पुन्हा धरायचं. पायाचा निरोप माझ्यापर्यंत तेलातून येतो. त्या तेलाची एक छोटी डबी बॉनेटखाली असते. तिच्यात ब्रेकचं असतं तेच तेल लागतं, दुसरं चालत नाही. एवढं लोकांना ठाऊक असतं, तर मी अजून बरेच पावसाळे काढले असते.

जन्म विलायतेतला. बोटीतून आलो. पहिला मालक गोरा साहेब. त्यानं नीट वापरलं, माया काही लावली नाही. तो मायदेशी परतला आणि गाडी मृणालिनीबाईंनी घेतली. त्या बायकांच्या डॉक्टर. आरे कॉलनीत गाईम्हशींच्या गोठ्यांवर राबणारी कुटुंबं, पवईच्या तळ्याकाठची घरं, जिथून बोलावणं येईल तिथं जायच्या. आधी बस मिळाली तर मिळाली, नाहीतर पायपीट. गाडी आल्यावर बाई वेळेवर पोचू लागल्या. त्यात माझाही वाटा होता, याचा मला अभिमान आहे.

पण बाईंना एक खोड होती. गिअर बदलून झाला तरी पाय माझ्यावरच. डोक्यात पेशंट, पाय पेडलवर. सारखं दाबून धरलं तर माझं बेरिंग झिजणारच. मी कुरकुरायला लागलो.

ती कुरकुर पहिल्यांदा ऐकली भाऊंनी. भाऊ म्हणजे बाईंचे सासरे, कचेरीतून निवृत्त झालेले. कुरकुरेल त्याला तेल घालायचं, हा त्यांचा जणू धर्मच. दाराच्या बिजागऱ्या, झोपाळ्याच्या कड्या, शिवणयंत्र, काही सुटलं नव्हतं. खंडेनवमीला त्यांनी गाडीची यथासांग पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. मग बॉनेट उघडून आत डोकावले. माझ्या डबीत तेल कमी होतं आणि यांच्या हातात समईच्या तिळाच्या तेलाची लोटी.

"घे बाबा," ते म्हणाले. "पोरगी एकटी रानातनं जाते. तिला मधेच सोडू नकोस."

आणि ओतलं की! वर हातही जोडले. मला त्यांचा राग आला आणि गहिवरूनही आलं.

पुढं कुरकुर ऐकू आली की सकाळची देवपूजा आटोपल्यावर थोडं तेल डबीत जायचं. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं भाऊंना वाटलंच नाही. तेल अडवून धरणारी माझी रबरं फुगली, मग फाटायला लागली. तेल काजळीसारखं काळं झालं. पेडल वर यायला का-कू करू लागलं, बेरिंग आणखी घासलं. मी जीव तोडून सांगत होतो, पण मला आवाज एकच दिलेला. तो ऐकून भाऊ आणखी तेल घालत. सांगा, काय करावं एखाद्यानं?

दिवाळीनंतर एका दुपारी आरेच्या चढावर माझा जीवच गेला. पेडल खाली गेलं ते वर येईना. गिअर पडेना, नुसता खरखराट. तिकडे गोठ्यावरच्या गुणाजीची बायको, वनमाला, अडली होती. बाई बॅग उचलून चढावरून पळत सुटल्या, तरी उशीर झालाच. वनमाला वाचली. मूल निळं पडलं होतं, बाईंनी खटपट करून त्याला रडायला लावलं.

गाडी ओढून घरी आणली, तर भाऊ दारातच उभे.

"विकून टाक आता. बाईमाणसाच्या पायाखाली क्लच टिकायचा नाही, मी पहिल्यापासून सांगतोय."

"भाऊ, गाडी गेली तर आरेला मी जाऊ कशी?"

"नको जाऊस. घराजवळ दवाखाना आहे, तो पुरे झाला."

बाईंनी नवऱ्याकडे, जयवंतकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रामागून म्हणाला, "आधी धोंडूला दाखवू या ना." त्याच्या मानानं हे फारच झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि बाई, दोघंही गॅरेजात. धोंडू मालवणचा. त्यानं इंजिन चालू केलं, पेडल खालीवर केलं आणि कान लावला.

"पाय दाबल्यार कुरकुरता, सोडल्यार गप ऱ्हवता. म्हणजे गिअरबॉक्स बरो आसा. बेरिंग गेला."

"हिच्याच पायानं ना?" भाऊ म्हणाले.

"पायाची सवय आसा, खोटा कशाक सांगू?"

"ऐकलंस?" भाऊ बाईंकडे वळले. बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. गाडी गेली.

मग धोंडूनं माझी डबी थाळीत रिकामी केली. काळा चिखल आणि त्यात रबराचा चुरा.

"हेच्यात काय घातलास, बाईनू?"

बाईंनी त्यात बोट बुडवलं, चोळलं, नाकाशी नेलं. पुन्हा एकदा नेलं. मग बोट तसंच धरून भाऊंकडे वळल्या.

"भाऊ, हे तिळाचं तेल आहे. आपल्या समईचं."

भाऊंचा चेहरा उतरला. "कुरकुरत होतं गं. म्हटलं, कोरडं पडलं असेल. तू एकटी जातेस त्या रस्त्यानं..."

"मग मला विचारायचं तरी! ते मूल माझ्या हातात निळं पडलं होतं, भाऊ. माझा पाय चुकला, कबूल. पण सगळं खापर माझ्यावर फोडून मला घरात बसवायला निघालात तुम्ही!"

भाऊ बाकावर बसले. चष्मा काढून धोतरानं पुसला, तो पुसतच राहिले.

"धोंडू, नवा क्लच बसव," शेवटी ते म्हणाले. "गाडी विकायची नाही."

म्हणून मी या डब्यात आहे. माझी तक्रार नाही. झिजायचा तो झिजलोच होतो. तुम्हा गाडीवाल्यांकडे मागणं एवढंच, की काम झालं की पाय उचला. आणि कुणी कुरकुरलं, तर तेल घालण्याआधी त्याला काय होतंय ते बघा.

आज सकाळी गाडी न्यायला दोघं आली. भाऊंच्या हातात नवं झबलं होतं. गाडीत बसता बसता ते थबकले.

"त्या वनमालासमोर मी बोलू तरी काय?"

"काही बोलू नका," बाई म्हणाल्या. "मूल मांडीवर घ्या."

गाडी आरेच्या दिशेनं निघाली. मी डब्यातून कान देऊन ऐकत होतो. नव्या क्लचचा कसलाही आवाज आला नाही. मग मीही गप्प झालो.