सगळ्यात लांबची वस्ती

आरोग्य खात्याच्या आवारात अठरा नव्याकोऱ्या रुग्णवाहिका नऊ आठवडे नुसत्या उभ्या होत्या. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून गॅरेजचे मिस्त्री रोज सकाळी एकेक गाडी दहा मिनिटं चालू ठेवायचे आणि वरच्या खिडकीकडे बघून मान हलवायचे.

त्या खिडकीत गणितबाई बसायची. हे नाव ऑफिसनं ठेवलेलं आणि तिनं मुकाट्यानं सोसलेलं. काम एकच होतं: तीनशे वीस वस्त्यांमध्ये या गाड्या कुठं कुठं ठेवायच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या वस्तीलाही कमीत कमी वाट बघावी लागेल. ऐकायला सोपं. पण अठरा जागा निवडायच्या तऱ्हा इतक्या, की एकेक तपासायला कॉम्प्युटरला सात जन्म पुरले नसते. तिला हे पक्कं ठाऊक होतं, तरी हट्ट सुटेना. तिचे बाबा गाडीची वाट बघत गेले होते. कोणाला एक मिनिटही जास्त थांबावं लागू नये असं तिला मनापासून वाटायचं, आणि त्यापायी बिचारी सगळ्यांनाच ताटकळत ठेवून बसली होती.

त्या दिवशी मिस्त्री हात पुसत थेट वर आले.

"बाई, परवा एका सुताराला टेंपोत घालून आणलं. तास लागला. पाय कापावा लागला त्याचा."

"सगळ्यात चांगली मांडणी अजून सापडली नाही हो, मिस्त्री."

"मग बरीशी द्या! चांगली सापडली तर हलवू की. गाड्यांना चाकं असतात, बाई."

ते गेले. तिला इतकी लाज वाटली की चहा तसाच गार झाला.

अशा वेळची एक रीत तिला कॉलेजपासून येत होती. पहिली गाडी कुठंही ठेवा. मग जी वस्ती तिच्यापासून सगळ्यात लांब, तिथं दुसरी. या दोन्हींपासून जी सगळ्यात लांब राहील, तिथं तिसरी. असं अठरापर्यंत. सगळ्यात उत्तम मांडणीत सगळ्यात लांबच्या वस्तीला जेवढी वाट बघावी लागली असती, तिच्या दुपटीपेक्षा जास्त इथं कोणालाच लागत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. याहून भक्कम हमी झटपट देणारी रीत कोणालाच सापडलेली नाही, आणि जाणकारांनी ती आशाही सोडल्यातच जमा आहे.

पहिली गाडी तिनं मोठ्या दवाखान्यापाशी ठेवली. दुपारपर्यंत यादी तयार. सगळ्यात लांब राहिलेली वस्ती चोवीस मिनिटांवर होती. नाव तिनं दोनदा वाचलं. तिथं तिची आई एकटी राहायची.

पहिली गाडी कुठंही ठेवली तरी चालते ना? तिनं ती आईच्या दारात ठेवून बघितली. हमी तशीच राहिली, पण आता वीटभट्टीमागची वस्ती एकतीस मिनिटांवर गेली. तिथंही कोणाची तरी आई असणार. तिनं दुसरी यादी फाडली आणि पहिलीवर सही केली. मग आईला फोन लावला.

"आई, गाड्या ठरल्या. आपली वस्ती सगळ्यात शेवटी आलीय. चोवीस मिनिटं लागतील."

"चोवीस?" आई म्हणाली. "अगं, तुझ्या बाबांना घेऊन मी दोन तास रस्त्यात उभी होते. चोवीस मिनिटांत गाडी आली असती, तर आत्ता हा फोन त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतला असता."

गणितबाईला रडू आवरेना. आईनं रडू दिलं.

"कोणीतरी शेवटी असणारच, बाळ. आपण असू. कधीपासून येतायत?"

"उद्या सकाळपासून."

"आणि गाड्या आल्या कधी?"

"नऊ आठवडे झाले."



"नऊ आठवडे," आई हळूच म्हणाली. "मग इतके दिवस काय करत होतीस गं?"

खाली मिस्त्री सीटवरचं प्लॅस्टिक फाडत होते.